कोमट इंजिन

१

सकाळी गाडी सुरू होत नाही, हे दुखणं मला दातदुखीइतकं ओळखीचं आहे. जुन्या गाड्यांचं तर ते ठरलेलंच. गाडी रात्रभर उभी राहते, नळीतलं पेट्रोल मागे टाकीत उतरतं, कार्ब्युरेटर कोरडा पडतो, इंजिन गारठतं, आणि सकाळी साहेबांनी किल्ली फिरवली की ती नुसती खोकते. मग साहेब मला फोन करतात. वर सांगतात, काल संध्याकाळपर्यंत तर ठणठणीत होती हो! सगळे अगदी हेच सांगतात.

या दुखण्याची एक खोड आहे. ते दिवसातून एकदाच तपासता येतं. एकदा इंजिन चालून तापलं की संपलं. मग ती दिवसभर शहाण्यासारखी चालते आणि मेकॅनिक वेडा ठरतो. पुन्हा तपासायचं तर तिला गार होऊ द्यावं लागतं, म्हणजे रात्र जावी लागते. धीर नसलेल्या माणसाने या भानगडीत पडू नये. मला धीर अजिबात नाही. पण नाक खुपसायची सवय लहानपणापासूनची, तिच्या जोरावर आजवर निभावलं.

ताईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली पालथा पडलो होतो.

"खटपट्या, गाडी सुरू करून दे," ती म्हणाली. घरात मला याच नावाने हाक मारतात. पन्नाशी आली, केस पिकले, नाव काही सुटलं नाही.

"भाऊजी कसे आहेत ते आधी सांग," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतेय. गाडी सुरू झाली की त्यांना बरं वाटेल."

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, आता घरीच असतात. गाडी त्यांच्या वडिलांची. लांबलचक नाकाची, जुनी, आणि भाऊजींची तिच्यावर फार माया. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी ती गॅरेजात सुरू केली आणि स्टिअरिंगवरच मान टाकली. छातीत कळ आली होती. ताई धावली, तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, त्यांना ओढून बाहेर काढलं, शेजारपाजारच्यांना गोळा केलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. दवाखान्यातून घरी आले, पण अंगात जीव म्हणून उरला नाही. तेव्हापासून गाडीही बंद ती बंदच.

ताईने रडगाणं कधी गायलं नाही. ती 'सुरू करून दे' म्हणाली, तेव्हा आवाज कापत होता. मी हातातलं काम तसंच टाकून निघालो.

२

ताईचं गॅरेज घराला लागूनच आहे. स्वयंपाकघरातून एक दार थेट तिकडे उघडतं. खाली फरशी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर रंगाचे वाळलेले डबे, एका खिळ्याला लटकवलेली सायकलची ट्यूब. थंडी अशी की शब्दासोबत तोंडातून वाफ निघत होती.

गाडीच्या बॉनेटशेजारी एक वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत भाऊजी. स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल. पाठ अगदी मडगार्डला टेकलेली.

"या मेहुणेबुवा! आली का डॉक्टरांची स्वारी?"

"आलो खरा. पण पेशंट कोण? हे सांगा आधी."

भाऊजी हसले. चेहरा मेणासारखा दिसत होता, पण थट्टेची धार गेली नव्हती. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

मी सवयीने आत बसलो. गार इंजिन म्हणजे पेट्रोल वाढवायला चोक पूर्ण बाहेर ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा आणि सेल्फ मारायचा. हे माझे हात झोपेतही करतील. इंजिन गरगर फिरलं, एकदा फुसफुसलं आणि मग पेट्रोलचा भपकारा आला. पुन्हा सेल्फ मारला, तसंच. प्लग काढून पाहिले तर चिंब ओले. पेट्रोल जास्त झालं होतं.

आता गार इंजिनात चोक ओढल्यावर पहिल्याच दमात पेट्रोल जास्त होत नाही. ते होतं गरम इंजिनात. म्हणून मी प्लग पुसता पुसता, सहज, हाताची मागची बाजू इंजिनाच्या अंगाला लावली.

इंजिन कोमट होतं.

कोमट म्हणजे, चहा पिऊन ठेवलेला कप असतो ना, तसं. मी हात काढला, पँटला पुसला, पुन्हा लावला. तेच. आणि तेवढ्यात ऐकू आलं: टिक. मग जरा वेळाने पुन्हा, टिक. लांबचा पल्ला मारून आलेली गाडी बंद केली की लोखंड आवळत जातं आणि असा आवाज येतो. पाव तास येतो, फार तर अर्धा.

"भाऊजी, सकाळी कुणी चालवली का ही?"

"चालली असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

बिनतोड मुद्दा होता.

३

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला शंभर कारणं दिली. भाऊजी टेकून बसतात, त्यांच्या अंगाची ऊब. छे, एवढ्या लोखंडाला माणसाची ऊब म्हणजे दर्या में खसखस. बॅटरीची तार कुठेतरी घासून तापत असेल. मग वास यायला हवा होता. भिंतीपलीकडे चूल? पण इंजिनाकडच्या भिंतीपलीकडे तर बाग, चूल दुसऱ्या टोकाला.

बायको म्हणाली, "जेवताना हात का न्याहाळताय?"

"माझा हात खोटं बोलतोय का ते बघतोय."

"हात नाही, डोकं तपासून घ्या," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मजा वाटत होती. इतकी वर्षं गाड्या उघडल्या, पण न चालता गरम राहणारी गाडी कुणाच्या नशिबी आली असेल? कधी एकदा सकाळ होते असं झालं होतं.

सकाळी पोचलो तेव्हा गॅरेजला बाहेरून कुलूप होतं, फरशीवर कालचे माझ्याच तेलकट बुटांचे ठसे, त्यावर दुसरं पाऊल नाही. भाऊजी अजून उठले नव्हते. मी सगळ्यात आधी बॉनेट उघडून हात लावला. कोमटच होतं. कालच्यापेक्षा किंचित कमी, पण कोमट. टिक आवाजही होता, पण दोन आवाजांमधलं अंतर वाढलं होतं.

मग म्हटलं, बाईसाहेब गरम आहेत ना, मग गरम समजूनच वागवू. चोकला हातच लावला नाही. सेल्फ मारला. इंजिन दोन ठोके व्यवस्थित बोललं आणि मेलं. पुन्हा मारला, एकच ठोका. तिसऱ्या खेपेला काहीच नाही. म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत होतं तेवढं पेट्रोल संपलं आणि मागून नवीन आलं नाही. हा रोग वेगळा, आणि सरळ. मला बरं वाटलं.

पेट्रोलचा पंप सोडवला. त्याच्या पोटात रबरी कापडाचा एक पडदा असतो. तो खालीवर होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. आपलं हृदय करतं तेच काम. पडदा मधोमध फाटला होता. चिरा पडून झिजलेला नव्हता, एका झटक्यात फाटलेला.

ताई चहा घेऊन दारात उभी होती. "सापडलं?"

"सापडलं. पंप गेलाय. घरी नेतो, पडदा बदलतो, उद्या बसवतो."

"आजच नाही होणार?"

"अगं, पडदा काय झाडाला लागतो? एवढी घाई कसली?"

तिने इंजिनाकडे पाहिलं. पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ उचलला नाही.

"ताई, तुला माहीत आहे हे गरम राहतंय ते?"

"मला गाड्यांतलं काय कळतंय," ती म्हणाली. "तू लवकर कर म्हणजे झालं."

लपवाछपवी तिला कधीच जमली नाही. मी विचारणार होतो, पण आतून भाऊजींनी हाक मारली आणि ती पळाली.

४

तिसऱ्या दिवशी पंप बसवला. कार्ब्युरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरली, ताईला सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोल चुळकन्, चुळकन् बाटलीत पडलं. झकास! आता चोक, प्लग, पंप, सगळं जागेवर होतं. पण दोन दिवस सेल्फ मारून मारून बॅटरीने मान टाकली होती. ती चार्जिंगला लावली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो.

चहा उकळता होता. मी कप उचलला आणि पटकन खाली ठेवला, बोटं भाजली. भाऊजींनी मात्र दोन्ही तळव्यांत कप घट्ट धरला होता.

"भाजत नाही का हो?"

"गार झालाय की हा," ते म्हणाले.

त्यांच्या कपातून वाफ निघत होती. मी उगाच काहीतरी बोलत त्यांच्या हाताला हात लावला. आणि काय सांगू! हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पान्याला पहाटे हात लावावा, तसा तो हात. गार म्हणजे नुसता गार नाही, दुसऱ्याची ऊब ओढून घेणारा.

मग मला ते दिसलं. थंडीमुळे ताई बोलली की तिच्या तोंडापुढे वाफ येत होती. माझ्याही येत होती. भाऊजी आपल्या शाळेतल्या एका इन्स्पेक्टरची फजिती रंगवून सांगत होते, हसत होते, आणि त्यांच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती. मी म्हटलं, उजेड कमी आहे. म्हातारपणी श्वास हलका होतो, असंही म्हटलं. मनाची समजूत घालण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

पण डोकं थांबेना. न चालता गरम राहणारं इंजिन. त्याला दिवसभर पाठ टेकून बसणारा माणूस. आणि माणूस गार. दोन टोकं जोडायला मेकॅनिकच लागतो असं नाही, शाळेतलं पोरही जोडेल. नळी एकीकडून भरते ती दुसरीकडून रिकामी होतेच. गाडी माझ्या भाऊजींची ऊब ओढत होती. दिवसाढवळ्या, आमच्या डोळ्यांदेखत!

हे मनात आलं आणि लगेच मलाच हसू फुटलं. वेड लागलंय मला, दुसरं काय. पण हसू पुरतं विरलं नाही, तोच मी ठरवूनही टाकलं होतं.

"आता सुरू कर ना," ताई म्हणाली. "तासभर झाला असेल चार्जिंगला."

"उद्या सकाळी. गार इंजिनाची परीक्षा गार इंजिनावरच घ्यायची असते. हे इंजिन गारच होत नाहीये, म्हणून मी आज ते गार करणार."

तिचा चेहरा उतरला. "नको. आहे तसंच सुरू कर."

"ताई, तू पोळ्या लाटताना मी कधी मधे बोललो का? मग?"

फुशारकी, दुसरं काही नाही. मी गॅरेजात गेलो, रेडिएटरच्या तळाचा नळ उघडला. पाणी आलं. त्या थंडीत त्या पाण्यातून वाफ निघाली, फरशीवरून दाराबाहेर गेली. मग बागेतली रबरी नळी लावून गार पाणी सोडलं, इंजिनाच्या अंगाअंगातून फिरवलं, तेही काढून टाकलं. टिक आवाज भराभर यायला लागला, मग विरळ झाला, मग बंद. हात लावला तर दगड.

शिवाय भाऊजींची खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. "आजपासून गाडीला टेकून बसायचं नाही," मी त्यांना बजावलं. "माझं ऐका."

"बरं बुवा," ते म्हणाले. "पण तिथे बरं वाटायचं हो."

५

पहाटे उजाडायच्या आत ताईचा फोन आला. ती फक्त "ये" म्हणाली.

पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. खुर्चीत भाऊजी बसलेले, अंगावर घरातली सगळी पांघरुणं. डोळे उघडे होते. माझ्याकडे वळलेसुद्धा, पण इतके हळू की मी मधेच नजर काढून घेतली. ओठ हलले. आवाज आला नाही आणि वाफही नाही.

"डॉक्टरांना—"

"डॉक्टर काय करणार!" ताई ओरडली. आयुष्यात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. "कालपर्यंत बोलत होते रे! रोज थोडे थोडे गार पडत होते, पण बोलत होते. ती गाडी जेवढी गरम, तेवढे हे गरम. मी रोज सकाळी आधी तिला हात लावायचे आणि मग ह्यांना. गेले इतके आठवडे पुरवून पुरवून... आणि तू तिच्यातलं होतं नव्हतं तेही ओतून दिलंस?"

म्हणजे ऊब वाहत होती खरी, पण गाडीतून भाऊजींकडे; मी दिशा उलटी धरली होती. शिकाऊ पोरगाही करणार नाही अशी चूक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"मला सांगायचं नाहीस का?"

"काय सांगायचं? तू हसला असतास."

हसलो असतो. अगदी पोट धरून.

"सुरू कर," ती म्हणाली. "खटपट्या, तुझ्या पाया पडते, सुरू कर."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. वजन जसंच्या तसं होतं, फक्त अंग कुठे वाकत नव्हतं. गॅरेजची दारं सताड उघडली, धूर कोंडायला नको म्हणून. रेडिएटरमध्ये ताईने चुलीवरचं गरम पाणी ओतलं. मी पंपाचा हातदांडा दाबत राहिलो, कार्ब्युरेटरची वाटी भरेपर्यंत. बॅटरी जोडली. चोक पूर्ण ओढला. आता खरंच गार इंजिन होतं; मी मागितलं होतं तसं.

सेल्फ मारला. इंजिन जडपणे फिरलं. काही नाही. पुन्हा मारला, एक खोकला, सायलेन्सरमधून धुराचा एक गोळा. तिसऱ्यांदा सेल्फचा आवाज ओढल्यासारखा झाला. बॅटरी बसत चालली होती. हा शेवटचा दम, हे मला कळत होतं. ताई बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी होती, ढकलल्यासारखी.

किल्ली सोडली. श्वास घेतला. चोक अगदी नखाएवढा आत घेतला, का ते विचारू नका, हाताला वाटलं. आणि पुन्हा फिरवली.

एक ठोका. दुसरा. मग तिसरा, चौथा, अडखळत, लंगडत, आणि एकदम सगळे लयीत आले. फळ्यांवरचे डबे थरथरायला लागले. ताई मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

मी बाजूला पाहायचं धाडस करत नव्हतो. समोरच्या काचेकडे बघत, पाय ॲक्सिलरेटरवर तोलत बसलो. तापमानाचा काटा तळाशी होता. मग कणभर हलला. मग आणखी. आणि त्याच काचेच्या डाव्या बाजूला, भाऊजींच्या तोंडासमोर, नाण्याएवढा एक डाग धुरकटला. गेला. पुन्हा आला, आता जरा मोठा.

ताई उठली, खिडकीशी येऊन तिने त्यांच्या गालाला हात लावला. डोळे पुसले, कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलला आणि "पेट्रोल आणते" म्हणून तशीच, पायात घरातल्या सपाता, रस्त्याला लागली. मी तिला जाताना बघत राहिलो. टाकीचा काटा पावाच्या खाली होता. आज आणेल, उद्या आणेल. परवा? मी हिशेब केला नाही.

"वा, मेहुणेबुवा!"

मी दचकलो. भाऊजी हसत होते. गालांवर रंग आला होता. त्यांनी शाल मागे टाकली, कोटाचं बटण काढलं, कान देऊन इंजिन ऐकलं.

"काय सुरेख चालतंय हो! मानलं तुम्हाला. ही कुठे गेली?"

"येईलच," मी म्हणालो. "बाहेर गेलीय जरा."

"झालं ना मग काम? बंद करा आता. उगाच कशाला पेट्रोल जाळायचं?"

ते सहज पुढे वाकले आणि किल्लीकडे हात नेला. मी त्यांचं मनगट पकडलं. घट्ट. ते कोमट होतं, आणि बोटांखाली नाडी लागत होती, इंजिनाच्या ठोक्याला ठोका.

ते माझ्याकडे बघायला लागले, नवल वाटून.

"राहू द्या, भाऊजी," मी म्हणालो. "मी अजून ऐकतोय."